तीन महिन्यांचं इंधन

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २००९

प्रिय अमऱ्या,

शेवटची आज्ञा वर उपग्रहाकडे गेली आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. एरवी आज्ञा पाठवली की अर्ध्या सेकंदात छत्तीस हजार किलोमीटरवरून उत्तर येतं: मिळाली. या आज्ञेला उत्तर येणार नव्हतं. आता बोलणं बंद कर, एवढंच तिच्यात होतं. पडद्यावरची हिरवी रेघ बारा वर्षं थरथरत होती. ती सपाट झाली. खोलीत आम्ही नऊजण होतो. मग राजशेखरने, जो तीन आठवडे माझ्याशी भांडत होता, सगळ्यांना चहा सांगितला. त्याने माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि तो माझ्याकडे न बघता खिडकीपाशी गेला.

ही गेल्या सोमवारची, सकाळी अकराची गोष्ट. तुला माझं काम मी कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचास, वर काय चाललंय. मी म्हणायचो, फिरतंय. मग तू काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचास, ह्यो नुसता बघत बसतोय आणि सरकार ह्येला पगार देतंय. तुझ्या घरात खरी चौकशी फक्त धाकटा सयाजी करायचा. शाळेत असताना त्याने संध्याकाळी उसाच्या फडावरून एक उपग्रह जाताना बघितला होता. तो आपल्या उसात पडला तर कारखाना वजनात धरंल काय, असं त्याने मला विचारलं होतं. तेव्हा मला नोकरीही लागलेली नव्हती. आज तुला सगळं सांगतो, कारण पुढचं सांगायला ते लागेल.

विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर, एक वाट आहे. तिथला उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून खालून तो एकाच जागी उभा आहे असं वाटतं. तुमच्या माळवदावरची डिश एकदा बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळे. वाट एकच आहे आणि जगातल्या सगळ्यांना तिच्यावर जागा हवी आहे. उपग्रह तिथे आपोआप राहत नाही. चंद्र आणि सूर्य त्याला ओढतात, तो सरकतो, आणि दर पंधरवड्याला थोडं इंधन जाळून आम्ही त्याला जागेवर आणतो. इंधन संपलं की त्याला कुणी हलवू शकत नाही. तो खाली पडत नाही. त्या वाटेवर झोपाळ्यासारखा ये-जा करत राहतो, इतरांच्या जागांमधून. किती वर्षं, याला उत्तर नाही. तू, मी, आपली मुलं, त्यांची मुलं, कुणीही ते संपलेलं बघायला असणार नाही. म्हणून असं ठरलं आहे की शेवटचं इंधन कामासाठी वापरायचं नाही. त्यावर उपग्रहाला आणखी तीनशे किलोमीटर वर न्यायचं, वाटेच्या बाहेर. तिथे टाक्या रिकाम्या करायच्या, बॅटऱ्यांची जोडणी तोडायची, म्हणजे तो पुढे कधी फुटणार नाही. आणि मग बोलणं बंद करायचं. असं ठरलं आहे, पण सक्ती नाही. काहीजण पाळतात, काहीजण पाळत नाहीत.

वरच्या टाकीत काट्याचा उपयोग नसतो. वजनच नसल्यावर इंधन तळाशी बसत नाही. आमच्या अप्पांच्या मॅटाडोर टेम्पोचा काटाही बंद होता, पण ते टाकीत बांबूची काठी बुडवायचे आणि ओल्या खुणेवर बोट ठेवून म्हणायचे, वैभववाडीपर्यंत जाईल. आम्हाला काठी बुडवता येत नाही. आम्ही अंदाज करतो. माझा अंदाज असा आला की वर न्यायला लागेल तेवढंच उरलं आहे. तेवढ्याच इंधनात तो जागेवर अजून तीन महिने चालला असता. त्याच्यावरून डोंगरातल्या शाळांना धडे जात होते आणि त्याच्या जागी येणारा नवा उपग्रह येत्या फेब्रुवारीत जाणार होता. राजशेखर बेळगावचा. त्याची बहीण अशाच एका शाळेत शिकवते. तो म्हणाला, तीन महिने पोरांचे धडे बंद ठेवायचे ते कशासाठी, वर जागा मोकळी राहावी म्हणून? तुमचा अंदाज चुकला असेल, टाकीत जास्तही असेल. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी एवढंच लिहून दिलं की आत्ता नेला नाही तर नंतर नेता येईल याची हमी मी देणार नाही. संचालकांनी मला एकट्याला बोलावलं आणि विचारलं, तुम्ही इतक्या हट्टाला का पेटलात? मी या वर्षी वर झालेल्या दोन उपग्रहांच्या टकरीचं कारण सांगितलं. शेवटी त्यांनी माझ्या बाजूने सही केली. त्याला वर न्यायला घेतलं त्या दिवसापासून धडे बंद आहेत.

सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत सायबेरियाच्या वर, आठशे किलोमीटरच्या थोडं आत, दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. एक चालू होता. दुसरा कित्येक वर्षं मेलेला होता आणि तसाच सोडून दिलेला होता. आपल्या पेपरात चार ओळी आल्या. त्या दोघांचे हजाराहून जास्त तुकडे झाले आणि ते बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने फिरत आहेत. त्यांची यादी होते. मुठीएवढ्या तुकड्यालाही नंबर मिळतो आणि नंबरासमोर तो कुणाचा ते लिहिलेलं असतं. ती यादी मी एकदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कामासाठी तशी गरज नव्हती. प्रत्येक ओळीत मालक होता.

अप्पांची एक सवय तुला आठवत असेल. गाडी बंद पडली की आपल्याकडे सगळेच मागेपुढे दगड मांडतात, वर एखादी फांदी टाकतात. गाडी दुरुस्त झाली की निघून जातात. दगड रस्त्यावरच राहतात. असे दगड दिसले की अप्पा गाडी थांबवायचे, मला उतरवून ते चरात ढकलायला लावायचे आणि निघून गेलेल्या ड्रायव्हरचा उद्धार करायचे. कुणाच्या बापाचा रस्ता हाय काय ह्यो, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तू एकदा आमच्याबरोबर गगनबावड्याला आलास तेव्हा आपण अकरा ठिकाणी थांबलो होतो. तू म्हणालास, अप्पा, गूळ पोचवायचाय का रस्ता बांधायचाय? ते हसले नाहीत. आता उतर तू बी, म्हणाले. परत येईपर्यंत तुझ्या हाताची सालं निघाली होती.

त्र्याण्णवच्या जानेवारीत मला नोकरीचं पत्र आलं आणि जाण्याआधी मी अप्पांबरोबर एक खेप केली. गुळाच्या ढेपा होत्या, कणकवलीला जायच्या. असळज ओलांडल्यावर, चढावर, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दुपारचे तीन वाजले होते. मी चार दगड आणले. तीन मागे रस्त्यावर मांडले आणि चौथा, सगळ्यात मोठा, मागच्या चाकाखाली लावला. गगनबावड्याहून मिस्त्री आला. काम होईपर्यंत दिवस मावळायला आला. तीन दगड मी चरात ढकलले. चौथ्यावर चाक टेकलं होतं. गाडी पुढे निघाली की तो काढायचा होता. गाडी निघाली. चढ होता, गाडी भरलेली होती, क्लच घसरत होता. थांबली असती तर पुन्हा उठली नसती. अप्पा ओरडले, बस लवकर. मी पळत जाऊन चढलो. वळण यायच्या आधी त्यांनी विचारलं, "मागलं समदं उचललंस न्हवं?" मी म्हणालो, "व्हय." बाजूच्या आरशात तो दगड मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी गाडी घेऊन आम्ही परतलो. त्या जागी रस्त्यावर काचा होत्या. एका राजदूत मोटारसायकलचं मडगार्ड चरात पडलं होतं. माणसं निघून गेली होती. दगड तिथेच होता, थोडा फिरलेला. अप्पांनी गाडी थांबवली. मी उतरायला लागलो तर त्यांनी हातानेच मला बस म्हणून सांगितलं. ते एकटे उतरले आणि दगड लोटत लोटत चराच्या पलीकडे नेला. साठीच्या माणसाला तो जड होता. परत येऊन त्यांनी हात धोतराला पुसले आणि गाडी सुरू केली. कळ्यात पोचलो तर तुमच्या दारात गर्दी दिसली. तेव्हा कळलं की राजदूत तुझी होती आणि तिच्यावर तुझा धाकटा भाऊ होता, वीस वर्षांचा, पहाटेच्या धुक्यात गगनबावड्याच्या दूध केंद्रावर कामाला निघालेला. अप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी सुट्टीत आलो तरी त्यांनी मला पुन्हा कधी गाडीवर नेलं नाही.

तू म्हणतोस, लाइट. राजदूतचा दिवा मिणमिणता होता, सयाजी आठ दिवस तुझ्या मागे लागला होता, आणि उसाची तोड चालू होती म्हणून तू उद्या करू म्हणत राहिलास. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर काकूंनी, तुझ्या आईने, तुला विचारलं, "लाइट का केली न्हाईस?" त्यानंतर त्यांनी तुझ्या हातचा चहा घेतला नाही. पूर्णिमावहिनींनी दिला तर घेतात. तू दिलास तर कप तसाच गार होतो आणि तू तो उचलून नेतोस, मी बघितलं आहे. राजदूत गोठ्यात ताडपत्रीखाली आहे आणि तू सोळा वर्षं एसटीने फिरतोस. दर वर्षी मी येतो आणि दर वर्षी कधी ना कधी तू म्हणतोस, लाइट केली असती तर. मी मान हलवतो. या गणपतीतही हलवली.

त्या मानेसाठी हे पत्र लिहितोय. समोर आलो तर ती पुन्हा हलेल, म्हणून कागदावर. त्या पहाटेच्या धुक्यात नवा दिवाही चार हातांपलीकडे पोचला नसता, आणि पोचला असता तरी जे रस्त्यावर असायलाच नको होतं ते मी ठेवलं होतं. रस्त्यावरच्या दगडाला नंबर नसतो. तो कुणाचा, ते कुठे लिहिलेलं नसतं. मी लिहितो: तो माझा होता. संचालकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं आणि ते मला देता आलं नाही. एक उपग्रह बाजूला नेल्याने सयाजीचं काही होत नाही, एवढं मला कळतं. राजशेखरच्या बहिणीच्या पोरांनी माझ्या दगडापायी धडे का सोडावेत, तेही मला नीट सांगता येत नाही. तरी पुन्हा वेळ आली तर मी तसंच करीन. तुझ्याकडून मला काही नको. फक्त काकूंना हे कळायला हवं आणि ते सांगायचं काम तुझ्यावर पडायला नको. उद्या पहिल्या गाडीने कळ्याला येतो.

हा शब्द तू अजून लावू देणार असशील तर, तुझाच
सोमशेखर

रविवार, सकाळ. तुमच्या सोप्यात बसून लिहितोय. मी आलो तेव्हा तू डेअरीत दूध घालायला गेला होतास. काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक पोरगं दगडानं न्हेलं. दुसरं तुझ्या गप बसण्यापायी म्या तोडलं." तू यायच्या आत जा म्हणाल्या. जायच्या आधी गोठ्यातल्या गाडीवरची ताडपत्री काढायला लावली. ती झटकून, घडी करून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली आहे. पूर्णिमावहिनी चहा ठेवायला उठल्या, तर काकूंनी त्यांना खाली बसवलं. अमर आल्यावर तो करंल, म्हणाल्या. पत्र चहाच्या डब्याखाली ठेवतो. साडेसातची एसटी आहे.