डोकं शेवटी फिरवायचं

१२ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. जावई वारल्यापासून थोरलीच्या छोटीला तू सांभाळतेस आणि मी साधं खुशालीचं कार्ड टाकत नाही, हे मला कळतं. चष्म्याची काडी मोडली होती, गुडघा धरला होता, आणि लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. थोरली कामावर जाते, येते, जेवते, झोपते. रडत नाही. मी भाजीत मीठ विसरलो तरी निमूट खाते.

शाळा उघडायच्या आत छोटीला आणून सोड. घरात आवाज तरी होईल. एक मात्र कळवायला हवं. महिनाभर झाला, थोरलीचं डोकं फिरतं. आधी जागच्या जागी थांबतं, मग एकदम गर्रकन फिरतं. स्वयंपाकघरातसुद्धा. मला बघवत नाही. कार्डावर जागा संपली. छोटीला पापा.

तुझा धाकटा


२० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कार्ड वाचलं. छोटीला मी पाठवणार नाही. डोकं फिरलेल्या बाईच्या हाती सात वर्षांची पोर द्यायला मी तुझ्यासारखी भोळसट नाही. इथल्या शाळेत बाईंशी बोलून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात नाव घालते. थोरलीला डॉक्टरला दाखवलंस का, की नुसताच घाबरत बसलास? लहानपणापासून तुझं हेच.

छोटी मजेत आहे. कधीमधी विचारते. आई कामात आहे, असं मी सांगते. भाजीत मीठ घालत जा.

तुझी अक्का


२४ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अगं, डोकं फिरत नाही, ती फिरवते. माझा एक ‘व’ राहिला आणि त्यात पोर अडकली. थोरली बॅले शिकते. चवड्यांवर उभं राहून करायचा नाच असतो तो. चाळिशीची बाई, कॉलेजच्या मुलींच्या रांगेत. लिहायला लाज वाटली, म्हणून आडून लिहिलं.

मी क्लासला जाऊन बघून आलो. हार्डवेअरच्या दुकानावर लांबलचक खोली आहे. गिरकी घेताना समोरच्या एका खुणेवर नजर ठेवायची. अंग फिरत जातं, डोकं तिथेच. मान पुरेनाशी झाली की झटकन डोकं फिरवून पुन्हा तीच खूण धरायची, म्हणजे चक्कर येत नाही. तिथल्या मॅडम मला म्हणाल्या, आजोबा, अंग आधी, डोकं शेवटी, आणि तुम्ही बसून घ्या, तुम्हालाच चक्कर येतेय. खरंच येत होती.

यानं बरं वाटतं का, असं मी थोरलीला विचारलं. म्हणाली, बरंवाईट काही वाटत नाही, पण तेवढा वेळ कुठं बघायचं ते ठरलेलं असतं. तुझं पत्रही तिनं वाचलं. घडी घालून परत दिलं. आत्याचं बरोबर असेल, म्हणाली आणि इस्त्री करत राहिली. मला वाटलं होतं, भांडेल.

ती बरी आहे असं मी लिहीत नाही. पण वेडी नाही, अक्का.

घरी सरावाला तिनं कपाटावर लाल टिकली चिकटवली होती, डोळ्यांसमोर, मॅडमनी सांगितली तशी. काल ती काढून बरीच खाली लावली, छातीच्याही खाली. आता फिरताना मान खाली जाते, तोल सुटतो, दोनदा ओट्यावर आपटली. कोपर काळंनिळं झालंय. मी वर लावायला गेलो तर म्हणाली, असू द्या बाबा, छोटीचे डोळे एवढ्यावरच येत असतील ना. मला सांगता येईना. पोर वाढली असेल.

तेव्हा शाळेत नाव घालू नकोस. माझ्या अडाणीपणावर काय रागवायचं ते माझ्यावर रागव, लोभ आहे तसा राहू दे. पोरीला भिंतीला उभी करून डोळ्यांपर्यंतचं माप घे आणि लगेच कळव. नाहीतर तिलाच घेऊन ये. पण काहीतरी लवकर कळव.

तुझा धाकटा