सोबतीच्या माणसाचं कलम

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, मी जिवंत आहे आणि हे पत्र मीच लिहितो आहे. तुझी तब्येत कशी आहे? त्या आजारातून तू खडखडीत बरी झालीस आणि डॉक्टरांनी आता वर्षातून एकदाच यायला सांगितलं, एवढं भाचीकडून कळलं. (भाची माझ्याशी बोलते याचा तिच्यावर राग धरू नकोस. मीच तिला फोन करतो. ती फक्त उचलते.) माझं चालायचं तसं चाललं आहे. त्याबद्दलच थोडं लिहायचं आहे, पण माझी सवय तुला ठाऊक आहे. मुद्द्यावर यायला मला तीन पानं लागतात, आणि याच गुणावर मला सरकारी नोकरी मिळाली.

तर आमच्या कार्यालयात दोन वर्षं कॅन्सरचा आराखडा चालला आहे. पुढच्या दहा वर्षांत सरकारने काय करायचं ते त्यात लिहायचं: रोग लवकर कसा पकडायचा, तपासणी लोकांच्या घराजवळ कशी न्यायची, पेशंटला या खिडकीवरून त्या खिडकीवर पळवणं कसं थांबवायचं. बैठकीत मोठमोठे डॉक्टर बोलतात, मी कोपऱ्यात बसून उतरवून घेतो आणि मग त्याची सरकारी भाषा करतो. डॉक्टर मंडळी भाषेच्या बाबतीत फार मऊ. एकाने लिहून दिलं होतं की मोठ्या तपासणीला येताना पेशंटसोबत कोणी असल्यास बरे. आता तूच सांग, ‘बरे’ची अंमलबजावणी कोण करणार? मी ते खोडलं आणि कलम चौदा, पोटकलम तीन तयार केलं: ‘तपासणीच्या आरंभापासून अखेरपर्यंत रुग्णासोबत एक निकटची सज्ञान व्यक्ती उपस्थित असणे बंधनकारक राहील, अन्यथा तपासणी करण्यात येऊ नये.’ साहेबांनी समासात बरोबरची खूण केली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांची खूण मिळालेलं हे माझं एकमेव वाक्य. घरी येऊन मी ते आरशापुढे दोनदा म्हणून पाहिलं. (ऐकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून आरसा. एरवी मला तसला शौक नाही.)

पुढे साहेबांच्या मनात आलं की आराखडा लोकांवर सोडण्याआधी आपल्यावर करून पाहावा. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एक छोटी डबी, एक काडी आणि सूचनापत्रक मिळालं. आतड्याच्या कॅन्सरची ही पहिली, सोपी तपासणी. डबीत काय द्यायचं ते तू ओळखलं असशील. जेवता जेवता वाचत असशील म्हणून लिहीत नाही. सूचनापत्रक अर्थातच माझं. त्यात ‘डबी सीलबंद करून कार्यालयात सादर करावी’ असं होतं, कुठे ते लिहायचं राहिलं. आणि आमच्याकडे सादर म्हटलं की माणसाचे पाय आपोआप आवक कक्षाकडे वळतात. माझेही वळले. आवक कारकुनाने मान वर न करता डबीवर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि मला पोच दिली. असे आम्ही एकोणीस जण. नियमाप्रमाणे सगळ्या डब्या संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर गेल्या, प्रत्येकीला ‘अवलोकनार्थ सादर’ अशी चिठ्ठी. साहेब चार दिवस रजेवर होते, खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि दिवस उन्हाचे होते. साहेब परत आल्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही. त्यांची खोली आता दुसऱ्या मजल्यावर आहे एवढंच सांगतो. त्या आठवड्यात कार्यालयात मी इतका हसलो की बरगड्या दुखल्या. घरी आल्यावर ते कोणाला सांगावं हे सुचेना, तेव्हा तुझी पहिल्यांदा आठवण झाली. (पहिल्यांदा म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदा.)

दुसऱ्यांदा डब्या प्रयोगशाळेतच गेल्या. अठरा जणांना सगळं ठीक असल्याचं एका ओळीचं पत्र आलं. माझं पत्र दोन पानांचं होतं. रक्ताचे अंश सापडले आहेत, दुर्बिणीने आतून पाहावं लागेल, आणि शेवटी ‘रुग्णाने घाबरून जाऊ नये’. हे वाक्यही माझंच. वाचणाऱ्यावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही हे आता समजलं. ताई, मी घाबरलो. दोन दिवस ते पत्र पंख्याच्या रेग्युलेटरखाली अडकवून ठेवलं होतं आणि पंखा लावला नाही.

नेमल्या दिवशी पोट साफ करून, रिकाम्या पोटी दवाखान्यात हजर झालो. नर्सबाई समजूतदार होत्या. नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही, मी एकटाच असतो. त्यांनी आराखड्याच्या चाचणीसाठी भिंतीवर लावलेल्या फलकाकडे बोट दाखवलं. कलम चौदा, पोटकलम तीन, चौकटीत, ठळक अक्षरात. मी हुज्जत घातली, अपवाद सुचवले, भाषेतल्या फटी शोधल्या; पण मी ते वाक्य लिहितानाच सगळ्या फटी बुजवल्या होत्या. शेवटी बाई हळू आवाजात म्हणाल्या, “काका, मलाही पटत नाही हो. ज्याने लिहिलंय त्याच्या घरी माणसांची जत्रा असणार.” बाहेर येऊन बाकावर बसलो आणि बिस्किटाचा पुडा संपवला.

मग मी नियमात सूट मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला. साहेबांनी त्यावर ‘मसुदा कक्षाने अभिप्राय द्यावा’ असा शेरा मारला. मसुदा कक्ष म्हणजे मी. गठ्ठ्यात पंचवीस कागद होते, दुपारची वेळ होती, आणि सूट मागणाऱ्या अर्जावर मी अठ्ठावीस वर्षं जे लिहीत आलो तेच हाताने लिहून टाकलं: ‘अशी सूट दिल्यास चुकीचा पायंडा पडेल, सबब अर्ज अमान्य करावा.’ सही केली, कागद पुढे ढकलला. तीन दिवसांनी नामंजुरीचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. अर्जदाराचं नाव वाचलं तेव्हा कुठे उजेड पडला. कार्यालयात कोणाला सांगितलं नाही. हसले असते, आणि मग सोबत कोण आहे असं विचारलं असतं.

असो. आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारची नवी तारीख मिळाली आहे. ती चुकली तर पुन्हा तीन महिने रांगेत, आणि डॉक्टर म्हणाले की तेवढं थांबणं शहाणपणाचं नाही. पण तू काळजी करू नकोस. आमचे समोरचे शेजारी, घड्याळं दुरुस्त करणारे, माझ्यासोबत येणार आहेत. मोठे गप्पिष्ट आहेत, वेळ मजेत जाईल. तुला हे सगळं केवळ करमणूक म्हणून लिहिलं. गुडघ्यांना जप, आणि भाचीला माझा आशीर्वाद सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. घड्याळवाले दीड महिन्यापूर्वीच मुलीकडे कायमचे राहायला गेले. किल्ली माझ्याकडे आहे. मी रोज त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतो आणि थोडा वेळ त्यांच्या खुर्चीवर बसून येतो.

ता. क. (दुसरा) ‘निकटची व्यक्ती’ या रकान्यात मी तुझं नाव लिहून दिलं आहे. न विचारता लिहिलं. खोडता येईल.

ता. क. (तिसरा) तुझ्या गाठीची तपासणी होती त्या दिवशी तू मला ये म्हणाली होतीस आणि मी बैठक आहे असं सांगितलं. बैठक नव्हती. मी घरीच होतो. काय निघेल ते तुझ्या शेजारी उभं राहून ऐकायची मला भीती वाटली. तू एकटी गेलीस, एकटीने ऐकलंस आणि बसने घरी आलीस, हे भाचीने नंतर सांगितलं. ते ‘बरे’ मी भाषेसाठी खोडलं नव्हतं, ताई. तुझ्या दारात येऊन माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून सरकारच्या आराखड्यात लिहिली. गुरुवारी सकाळी साडेसातला, दवाखान्याच्या मुख्य दारापाशी. मला उपाशी राहायचं आहे. तू मात्र काहीतरी खाऊन ये.