झाकणातलं पीठ

मंगळवार, चैत्र. दिवेलागण.

आज परत तलवाड्याला मामाकडं गेलतो. सोसायटीचं चेनसॉ मशीन या आठवड्यात त्याच्या पाळीला आलंय. दुष्काळात मोसंबी वाळली, आता सगळी बाग तोडायची म्हणून तो हट्टाला पेटलाय. पण मशीन पाच मिनिटं चालतं अन् बंद पडतं. प्लग बघितला, एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटर खोलून धुतला. सगळं साफ. मग कावून? मामा डोक्यावर उभा. "मेकॅनिक हाईस का कोण बे?"

शेवटी मामा जरा बाजूला गेला तवा पेट्रोल टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्सकन हवा आत गेली. झाकणातलं बारीक भोक ज्वारीच्या पिठानं बुजवलेलं. पीठ अजून मऊ.

काल मशीन चालवायला शिकवताना मीच मामाला सांगितलं होतं, हे भोक बुजलं की टाकीत हवा जात न्हाई, पेट्रोल उतरत न्हाई. तवा मामी शेजारीच भाकरी थापत होती. भांडी धुतलेलं पाणी रोज मोसंबीच्या एकेका झाडाला घालते ती. मी बुंध्याला नख लावून बघितलं, तर दोन झाडं आतून हिरवी.

"लई मोठा बिघाड हाय का रे?" तिनं चुलीकडं बघतच विचारलं.

"कार्बोरेटर गेलाय मामी. दुकानात न्यावं लागंल."

मामा लई चिडला. शनिवारी पाळी दुसऱ्या सभासदाची, मग त्याची परत कधी यायची! खोटं बोललो का? बोललो. मामीनं न विचारताच ताटात अजून एक भाकरी वाढली.

मशीन आता माझ्या दुकानात हाय. पीठ तसंच ठेवलंय. शनिवारी काढायला दोन मिनिटं लागतील.