अक्षय तृतीयेचा फ्रिज

गढा, जबलपूर

ती. रामराव भाऊजींना देवीदासचा वाकून नमस्कार, आणि अंजनीताईला घरातल्या सगळ्यांचा. तुमचा गुडघा कसा आहे? औषधाचं दुकान म्हणजे दिवसभर उभं राहणं आलंच, आणि दुसऱ्यांना गोळ्या देणारा माणूस स्वतः गोळी घेत नाही, असं ताई दर फोनवर सांगते. नागपूर भल्लं तापून राहिलं असेल. आमचं जबलपूर पण काही मागे नाही, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी बरा आहे, मनीषा बरी आहे (माझ्यावर रागावली आहे, पण बरी आहे), समृद्धीची परीक्षा संपली आणि आईची साखर ताब्यात आहे. आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगायला फोन आहे की, हा पत्र काहून लिहून राहिला? तर भाऊजी, आमच्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम. मी हॅलो म्हटलं की आई खाटेवरून स्पीकर लावायला सांगते, आणि मग तुमच्याशी आई बोलते, मी फक्त फोन धरतो. म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून राहिलो. (कागद सरकारी नाही, घरून आणला आहे.)

फ्रिज घेतल्याचं तुम्हाला कळलंच असेल. फोटो पाठवला होता, त्यात मी फ्रिजवर हात ठेवून सख्ख्या भावासारखा उभा आहे. पण त्यानंतरचं रामायण कोणी सांगितलं नसेल, ते ऐका. जुना फ्रिज ऐन उन्हाळ्यात गेला. मी म्हटलं, उद्याच नवा आणू. आई म्हणाली, अक्षय तृतीया तोंडावर आली आहे, त्या दिवशी आणलेली वस्तू घरात टिकते, थांब. थांबलो. त्या दिवशी सिव्हिल लाइन्समधल्या एका शोरूममध्ये गेलो (नाव लिहीत नाही, आता त्यांच्याशी आपले संबंध चांगले झाले आहेत), तर अर्धं जबलपूर तिथे टिकणारी वस्तू घ्यायला आलेलं. योगेश जी म्हणून तिथले मॅनेजर. माणूस इतका गोड, की मला खुर्ची, मनीषाला थंडा, समृद्धीला चॉकलेट, आणि वरून 'अंकल जी, आप तो घर के आदमी हैं.' घरच्या माणसाने पांढराशुभ्र फ्रिज घेतला. संध्याकाळी तो घरी आला आणि आईने त्याची जी पूजा केली, तसं कौतुक माझ्या लग्नात माझं झालं नव्हतं. दारावर तुपात कालवलेल्या कुंकवाचं हे एवढं मोठं स्वस्तिक, हँडलला लाल धागा, समोर नारळ, आणि आत पहिली वस्तू म्हणून गुळाचा खडा. मग बटण दाबलं. आतला दिवा लागला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

भाऊजी, त्या दिव्याशिवाय त्या फ्रिजमध्ये दुसरं काही चालतच नव्हतं. घरघर तर अशी करायचा, की वाटावं आत बर्फाचा डोंगर तयार होऊन राहिला. पण सकाळी ठेवलेल्या दुधाचं संध्याकाळी दही, आणि दही ठेवलं तर त्याचं जे काही व्हायचं त्याला मराठीत शब्द नाही. गुळाचा खडा पाघळून खालच्या कप्प्यात उतरला. पाणी आम्ही माठातलंच पीत होतो, आणि माठ फ्रिजच्या शेजारी ठेवला होता, म्हणजे निदान बघून तरी शिकेल. शेवटी कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने आत हात घातला, थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, 'कूलिंग नहीं कर रहा.' एवढं तर आमच्या दूधवाल्यालाही समजलं होतं. पण माणूस सरळ निघाला. मागचं उघडून पाहिलं आणि लिहून दिलं, की बिघाड कारखान्यातलाच आहे, पीस बदलून द्यावा.

मला दह्यादुधाची चिंता नव्हती, चिंता होती आईच्या इन्सुलिनची. ते थंड ठेवायचं, या उन्हात बाहेर राहिलं तर वाया जाईल, हे तुमचंच सांगणं. आणि औषधाच्या बाबतीत आई डॉक्टरचं ऐकत नाही, तुमचं ऐकते. (डॉक्टर परका, जावई घरचा.) आता ठेवायचं कोणाकडे? अगदी समोरचं दार शरयूकाकूंचं, आणि तिथलं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. समृद्धी रांगत होती तेव्हा आई आणि काकू दोघींनी मिळून गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या, राखणीला काकू बसल्या, काकूंचा डोळा लागला आणि माकडांनी चाळणीसकट सगळं नेलं. आई म्हणाली, मुद्दाम झोपली. झालं, तेव्हापासून बोलणं बंद. गल्ली एवढी अरुंद, की एकीने भाजीला फोडणी दिली की दुसरी शिंकते, पण बोलणं बंद म्हणजे बंद. मनीषा बिचारी गपचूप शिशी घेऊन गेली, तर काकूंनी काही न विचारता फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा करून दिला. सुरुवातीला मनीषाच सकाळ-संध्याकाळ आणायची, नेऊन ठेवायची. मग आईचं सुरू झालं, की तिथे शिशीला कोणाचा हात लागते, कोण कुठे सरकवते, मी स्वतः जाऊन बघते. काठी टेकत गेली आणि उंबऱ्यावरूनच घेऊन परत आली. मग एक दिवस आत गेली. मग तिथेच टोचून घेऊ लागली. मग म्हणे, टोचल्यावर खावं लागते, तर नाश्ता तिथेच. पुढे तर असं झालं, की सकाळी गेलेल्या म्हातारीला जेवायला बोलवायला समृद्धीला पाठवावं लागे. माझ्या जिवाला फार लागलं हो. म्हटलं, या वयात माझ्या आईला एका शिशीसाठी दुसऱ्याच्या दारी ताटकळत बसावं लागते! या शोरूमवाल्यांना मी आता सोडत नाही.

गेलो. योगेश जींनी मला ओळखलंच नाही. मेकॅनिकचा कागद दाखवला, फ्रिजचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि म्हणाले, 'पीस तो यूज़्ड हो गया, अंकल जी. बॉडी पे निशान है.' मी म्हटलं, भैया, हे निशान नाही, स्वस्तिक आहे. म्हणाले, 'वही तो.' आता त्यांच्या गल्ल्यावर स्वस्तिक, बिल छापायच्या मशीनला लाल धागा, दारात लिंबू-मिरची लटकून राहिलेली. मी एकेकावर बोट ठेवून दाखवलं, की हे काय आहे मग? तर शांतपणे म्हणाले, 'हमको ये वापस थोड़ी करना है.' भाऊजी, जन्मभर मीही ऑफिसात लोकांना परत पाठवत आलो, पण इतक्या सफाईने मला कधी जमलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना मानलं. शेवटी समृद्धीने मोबाईलवरून कंपनीच्या वरच्या लोकांकडे तक्रार टाकली (आमच्या पोरीला मराठी समजते, बोलते हिंदी आणि भांडते इंग्रजीत), तेव्हा वरून असा काही फोन आला, की मी परत घरचा आदमी झालो. अट एवढीच, की आधी जुना पीस पुसूनबिसून शोरूमला पोचवायचा, मग नवा निघेल.

पुसायला बसलो. लिंबू लावलं, राख लावली, भांड्याचा साबण, रॉकेल, सगळं झालं. तूप निघालं, कुंकू मुरलं, दार गुलाबी झालं. तरी पुष्कळ साफ झालं असं वाटून झोपलो, तर सकाळी आई आंघोळ करून आली आणि पहिल्यापेक्षा मोठं स्वस्तिक काढून मोकळी! मी पुसायचं, तिने काढायचं, असं चालू झालं. वरून तिची एकच रट, की अक्षय तृतीयेची लक्ष्मी आहे, तिची जागा रिकामी ठेवून ती दाराबाहेर जाणार नाही. आधी नवी आत येईल, मग ही जाईल. 'काहून रे, लक्ष्मीला हाकलून मग दुसरीला बोलावून राहिला का?' तिकडे योगेश जी म्हणत, आधी जुना. इकडे आई म्हणे, आधी नवा. मी मधल्या मधे सिव्हिल लाइन्स ते गढा चकरा मारून वाळून गेलो. आणि मनीषाचं वागणं तर मला समजेचना. ही म्हणे, राहू द्या ना, कशाला एवढी घाई करून राहिले? भर उन्हाळ्यात बिना फ्रिजची बाई असं म्हणते, म्हणजे हिला ऊन लागलं, असं मला वाटलं.

शेवटी तोड योगेश जींनीच काढली, की दोघं एकाच वेळी. स्वतः टेम्पोबरोबर आले. आता आमचं दार तुम्हाला माहीत आहे, वरातीत तुम्हाला फेट्यासकट वाकून यावं लागलं होतं. नवा फ्रिज आडवा करून अर्धा आत घातला, जुना तिरपा करून अर्धा बाहेर काढला, आणि नेमके मोजमाप करायला घुसलेले योगेश जी दोघांच्या मधे अडकले. हमाल जोर लावणार, तेवढ्यात आईने आतून हात वर केला. राहुकाळ लागला होता. तो संपेपर्यंत कोणी काही हलवायचं नाही! टेम्पोमागे पनागरच्या भाजीवाल्याचा ठेला अडला, त्यामागे ई-रिक्षा, त्यातली सवारी उतरून सल्ला द्यायला पुढे आली. योगेश जी दोन फ्रिजच्या मधून 'माताजी, माताजी' करून राहिले, आणि शरयूकाकू समोरून येऊन त्यांना फ्रिजवरून पाण्याचा गिलास देऊन राहिल्या. वेळ टळली तसं आई आतून ओरडली, 'शरयू, पूर्ण आला का गं आत?' काकू बाहेरून, 'नाही व बाई, मागचे पाय बाहेर आहेत अजून!' 'मग जुन्याला दाबून धर!' 'धरलं!' आणि भाऊजी, तेव्हा, भर गोंधळात, माझ्या डोक्यात उजेड पडला, की या दोघी एकमेकींशी बोलून राहिल्या! मी मनीषाकडे पाहिलं. ती म्हणाली, 'समजलं आता?'

जुना फ्रिज ताज्या स्वस्तिकासकट गेला. योगेश जींनी निशानाचं नाव काढलं नाही, उलट निघताना त्यालाच हात जोडले. नवा उत्तम चालतो. पाणी असं गार की दात ठणकतात. इन्सुलिन घरी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी तयार झाली, पदर सारखा केला, काठी घेतली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन खाटेवर बसली. जायला कारणच राहिलं नाही ना. बिना कारणाचं त्या घरी जायचं म्हणजे कुरड्यांचं भांडण आपण हरलो असं होते, आणि आई हरत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! तिकडे काकू दारात चहाची कपबशी घेऊन उभ्या, रस्त्याकडे काहीतरी बघत असल्यासारख्या. त्यांनाही बोलवता येईना. दोन दिवस असेच गेले. आई जेवते, पण गिळते नुसती. मला रडू आलं हो, भाऊजी. इतकी भांडणं करून, इतका घाम गाळून, मी माझ्या आईची मैत्रीण घालवून आलो. काल संध्याकाळी आई म्हणाली, 'देवीदास, या नव्याची थंडी मला बरोबर वाटून नाही राहिली. जाऊन सांग त्यांना.'

बाकी सर्व ठीक. ताईला आणि पोरांना आशीर्वाद, म्हणजे ताईला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद.

आपला,
देवीदास

ता. क. गुडघ्याला तिळाचं तेल लावून बघा.

ता. क. मुख्य काम राहिलंच. रविवारी आईचा फोन येईल आणि ती नव्या फ्रिजबद्दल विचारेल. तुम्ही औषधवाले आहात, तुमचा शब्द शेवटचा. तेवढं सांगून टाका, की नव्या फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवू नये, ते समोर शरयूकाकूंकडे, त्यांच्या फ्रिजमध्येच ठेवावं, आणि आईने स्वतः जाऊन घ्यावं. कारण विचारलं तर जड आवाजात काहीतरी इंग्रजी बोला. ताईसमोर बोलू नका, तिला हसू आवरत नाही आणि स्पीकर चालू असेल.

ता. क. घाईत, घरून लिहून राहिलो. वर सांगितलेलं अजिबात सांगू नका! ऑफिसातून आलो तर शरयूकाकू आमच्याकडे, आईच्या खाटेवर. मांडीवर त्यांच्या डोळ्यांच्या औषधाची थंड जागी ठेवायची शिशी आणि दुधाचं पातेलं. म्हणे, माझा फ्रिज सकाळपासून बंद पडला, काय करू बाई! आई म्हणाली, आण इकडे, आणि आमचा वरचा कप्पा अख्खा रिकामा करून दिला. आता दोघी मिळून कुरड्यांचा गहू भिजवायचं ठरवून राहिल्या. मी समृद्धीला हळूच पाठवलं, की बघून ये काय बिघडलं, मेकॅनिकला बोलवू. ती गेली तशी परत आली आणि माझ्या कानात म्हणाली, 'पापा, प्लग निकला हुआ है. मैंने लगाया नहीं.'