वजा एकची साक्ष

प्रिय घाईताई,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: रविवारच्या प्रवेशपरीक्षेला तू बसलेच पाहिजेस. वयोमर्यादा पाहता ही तुझी शेवटची संधी आहे. विधान आधी, पुरावा मागून. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या आत्याकडून वेगळी अपेक्षा नसावी.

काल तू वही मिटलीस, "तुझं गणित तुलाच लखलाभ, मी आपली रक्तपेढीतल्या नोकरीतच बरी," असे म्हणालीस आणि चपला उलटसुलट घालून चालती झालीस. तुझा बाप तेव्हापासून हसतो आहे. त्याच्या मते एका घरात दोन हट्टी बायका म्हणजे न सुटणारे समीकरण. समीकरण आणि असमानता यांत फरक असतो, असे मी त्याला सुनावले, तर म्हणतो कसा, "ताई, तो तुम्हा दोघींना कळला की मला सांगा."

भांडणाचे मूळ एवढेसे: सहा भागिले क्ष हे तीनपेक्षा लहान आहे, तर क्ष कोणता? मी दोन्ही बाजूंना क्षने गुणले आणि उत्तर लिहिले, क्ष दोनपेक्षा मोठा. तू अडून बसलीस की शून्याहून लहान संख्याही चालतात. वजा एक घालून तर बघ, आत्या. एका उदाहरणाने काहीही सिद्ध होत नाही, असे बजावून मी खडू ठेवला.

आज सकाळी तुझी चूक रीतसर मांडून पाठवावी म्हणून बसले. केवळ औपचारिकता म्हणून वजा एक घातला. आले वजा सहा, आणि वजा सहा तीनपेक्षा लहानच. समोरचा चहा निवून गेला. एका उदाहरणाने सिद्ध होत नाही हे खरे, पण खोडता येते. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवत असे! रक्ताची अख्खी पिशवी बाद करायला तुला तपासणीतला एक थेंब पुरतो. माझे उत्तर तू तसेच बाद केलेस, तेही माझ्या तोंडावर. जी माझ्यासमोर डगमगली नाही, तिला परीक्षक काय घाबरवणार? विधान सिद्ध झाले. रविवारी चपला तेवढ्या सरळ घाल.

चूक मान्य: क्ष धनच असणार, असे मी न तपासता धरून चालले. तुला ठेवलेले नाव तूर्त परत घेते आहे.

तुझीच,
घाईआत्या