मंगळसूत्र अन् क्लोरिनचं पाणी

६ मे
पोहण्याचा अकरावा दिवस. पाठ अजिबात दुखली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा भरली बादली एका हातानं उचलली. डॉ.चं ऐकलं ते बरं झालं.
पण कपडे बदलताना मंगळसूत्राची कडी निघाली. एक वाटी पायाशी पडली. मोरीच्या जाळीत गेली असती तर... ओढणी गळ्याशी घट्ट धरून घरी आली. सासूबाईंना सांगितलं नाही.

७ मे
तात्यापारा मोहल्ल्यात सोनारभैयाकडे. भिंग लावून पाहिलं. "दीदी, सोना ठीक है. पूल की दवाई टाँका खा गई." वर घरची ब्लीचिंग पावडर, फिनाइल, सगळं मी गळ्यात घालूनच करते. कडीचा टाका, म्हणजे डाख, परत लावून दिला. "अब उतार के ही जाना."
उतरवू कशी? नव्या राज्याची राजधानी इथं झाली अन् ह्यांची बदली मात्र दूर जगदलपूरले. रस्ता जंगलातला. फोन आला नाही की आई (सासूबाई) जेवत नाहीत. त्यांच्यासमोर मोकळा गळा? छे.

९ मे
दोन दिवस पोहणं बंद. पाठ परत सुरू. पोट्टीवर उगाच खेकसली. तिनं हिंदीतच ऐकवलं, "मम्मी, तैरने जाओ ना."

१० मे
आईंनीच विचारलं, "काहून जाऊन नाही राहिली वं पोहायले?" एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता महाभारत.
त्या उठल्या. डब्यातून हळकुंड काढलं, पिवळा दोरा काढला. "सोनं सोनाराकडे असलं की बाया हेच घालत. पाण्यात हे घाल. फिनाइल लावतानाही." दोरा माझ्या हातात दिला. "तूच बांध. मी नाही बांधत."
त्या काहून नाही बांधत, ते मले कळलं. रडूच आलं. मोकळं वाटलं किती.

१२ मे
हळकुंड घालून दहा फेऱ्या. पोशाखाच्या गळ्याले पिवळा डाग पडला, पडू दे. पाठ मस्त.
हे शनिवारी येणार. सांगू की नको, ठरत नाही. आईंना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली? मी काढलं तर?"
भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझे सासरे गेले, त्या दिवशी माझं गळ्यातच होतं वं. लग्नापासून एकदाही काढलं नव्हतं."