पाच लिटर जंगल

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, मंगळवार, १५ एप्रिल १९८६

चि. विरूपाक्ष यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

अव्वाचे इष्टलिंग हरवले आहे आणि ते तुझ्या जंगलात हरवले आहे, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. एरवी तुझ्या पाहुणचाराबद्दल मी गप्पच बसणार होते.

काल संध्याकाळी आम्ही दोघी घरी पोचलो. आज सकाळी अव्वा पूजेला बसली, गळ्यातली लिंग ठेवायची चांदीची करडगी उघडली, तर आत नुसता फडक्याचा तुकडा. लिंग नाही. जन्मल्या दिवशी बांधलेले, सत्त्याहत्तर वर्षे आपल्या आईच्या अंगावेगळे न झालेले. ते हातात येईपर्यंत ती अन्नाला शिवणार नाही, हे तुला समजावून सांगायला नको. मी चप्पल घालून तशीच मठात गेले. स्वामी म्हणाले की हरवले असेल तर विधी करून दुसरे देता येते. घरी येऊन अव्वाला सांगितले, तर ती म्हणते की हरवलेले नाही, मागे राहिले आहे. मागे म्हणजे त्या झऱ्यावर.

काय घडले ते नीट वाच, म्हणजे शोधायला उपयोग होईल. काल सकाळी अव्वा झऱ्याकाठच्या सपाट दगडावर बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, खाली पितळी पातेले, त्यात पाणी आणि बेलाची पाने. तेवढ्यात वरच्या फांदीवरून तुझी वानरे धाडकन खाली आली. अव्वा दचकली. त्याच वेळी तुझ्या ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. मी सामान आवरले, करडगी मिटवली आणि तिच्या गळ्यात अडकवली. दुसऱ्याच्या लिंगाला आपण हात लावत नाही, म्हणून आत पाहिले नाही. ते वानरानेच उचलले असणार. दुसरे कोण होते तिथे?

आता अभयारण्याबद्दल. तू विचारले होतेस आणि मी जीपमध्ये उत्तर दिले नव्हते, कारण तुझे शिपाई ऐकत होते. आठ तास एस.टी.त हाडे खिळखिळी करून घेतल्यावर मला काय दिसले? पाने गळालेला साग. साग उन्हाळ्यात पाने गाळतो, हे मी तीस वर्षे मुलींना भूगोलात शिकवले आहे. ते पाहायला किनवटच्या पुढे जायची गरज नव्हती. एका मोराची पाठ दिसली. एक नीलगाय दिसली, ती उदगीरच्या मोंढ्यात मोकाट फिरणाऱ्या जनावरापेक्षा वेगळी नव्हती. आणि वाघाचा ठसा, जो तुझा वनरक्षक घमेल्याखाली झाकून ठेवतो आणि पाहुणे आले की उघडून दाखवतो! तो ठसा किती महिन्यांचा आहे, ते विचारल्यावर तो टोपी काढून डोके खाजवू लागला. फाटकावरची पाटी मात्र मोठी आहे. आमच्याकडेही तसेच. लातूर जिल्हा होऊन चार वर्षे झाली, जिथे तिथे नव्या रंगाच्या पाट्या आहेत आणि नळाला चौथ्या दिवशी पाणी.

जंगलातून मी एकच उपयोगाची वस्तू आणली, ती म्हणजे तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाच लिटर पाणी.

पत्र लातूर-किनवट गाडीचे शेषेराव कंडक्टर यांच्याकडे देत आहे. ते एक दिवस जातात, एक दिवस येतात. उद्या त्यांच्या हाती लिंग आले पाहिजे.

लोभ आहेच. तो वाढवण्याचे सध्या काही कारण नाही.

तुझी अक्का,
जगदेवी


॥ श्री ॥

मु. अभयारण्य, ता. किनवट, बुधवार, १६ एप्रिल १९८६

ती. अक्का हिस विरूपाक्षाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र काल संध्याकाळी मिळाले. रात्री जेवण गेले नाही. आज उजाडताच मी आणि चार वनरक्षक झऱ्यावर गेलो. दगड उचलून पाहिले, झऱ्याचा गाळ हातांनी चाळला, खाली ओढ्याला मिळतो तिथपर्यंत गेलो. तुझ्या अंबाड्याची एक पिन आणि तू सोललेल्या काकडीच्या साली सापडल्या. पिन सोबत पाठवतो.

अक्का, वानर खाण्याचे नसेल ते नेत नाही. उचलते, हुंगते, टाकते. त्यांच्या बसण्याच्या सगळ्या झाडांखाली आम्ही पाहिले. वीस वर्षे त्यांच्यात राहतो आहे, एवढे तरी माझ्यावर सोड.

जंगल तुला आवडले नाही हे मला अभिप्रायाच्या वहीतून कळलेच होते. तू लिहिले आहेस: पाहण्यासारखे काही नाही. झाडे निष्पर्ण आहेत. रस्ता वाईट, चहा बरा. खाली मुख्याध्यापिकेची लफ्फेदार सही. परवा मोठे साहेब तपासणीला आले, वही उघडली आणि पहिले तेच पान. मी सांगितले की माझी थोरली बहीण आहे. साहेब म्हणाले की सहीवरूनच वाटले. त्याच्याखाली अव्वाचा अभिप्राय आहे, तो तू पाहिला नसशील. तिने सांगितला आणि वनरक्षक संगप्पाने लिहिला. एकच ओळ आहे: इथं पाणी आवाज करतंय.

एक विचारतो, रागावू नकोस. त्या दिवशी अकराला दुसरी गाडी होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण त्याला नऊच्या गाडीसाठी घाई कर असे तूच सांगितले होतेस. अव्वाला अजून तासभर बसायचे होते. ती मला म्हणाली होती.

तिने काही खाल्ले का, ते कळव. शोध सुरूच ठेवतो.

राग ओसरला की लोभ पूर्वीसारखा करावा.

तुझा,
विरूपाक्ष


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, गुरुवार, १७ एप्रिल १९८६

चि. विरूपाक्ष यास आशीर्वाद.

पिन मिळाली. पाच माणसे, एक अख्खा दिवस आणि सरकारी पगार लावून तुझ्या खात्याने एक पिन शोधली, याबद्दल अभिनंदन.

अव्वाने आजही काही खाल्लेले नाही. दूधही नाही. फक्त त्या कॅनमधले पाणी पिते. लातूरचे पाणी पुढे केले की तोंड फिरवते. मी स्वतः त्यातला घोटही घेतलेला नाही. गल्लीतले डॉ. गुरुपादप्पा आज तपासून गेले. म्हणाले, नाडी मंद आहे, शनिवारपर्यंत वाट पाहू, मग सलाईन लावावे लागेल. अव्वाने विचारले, त्या बाटलीत काय असते. डॉक्टर म्हणाले, मीठ आणि साखर. ती म्हणाली की मग ते अन्नच झाले. डॉक्टर एवढे शिकलेले, पिशवी उचलून निघाले.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. होय, मीच घाई केली. मंगळवारी पहाटे पाचला नळ येतो, तो चुकला तर शुक्रवारपर्यंत घरात थेंब नाही. अकराची गाडी गावोगाव थांबत येते; रात्री दहाला पोचून पहाटे बादल्या घेऊन रांगेत कोण उभे राहणार होते? तू? तुझ्या दारात झरा वाहतो, म्हणून तुला अकराची गाडी सुचते. इथे पूजेला अव्वाला मी एक फुलपात्र पाणी देते, मोजून. तेच पाणी मग अंगणातल्या बेलाला. ती कधी तक्रार करत नाही. मीही कौतुक करत नाही.

तुझ्या वीस वर्षांच्या अनुभवाचा मला काही उपयोग नाही. मला लिंग पाहिजे. आपल्यात गेलेल्या माणसाला जमिनीत बसवतात तेव्हा डाव्या तळहातावर काय ठेवतात, ते तुला ठाऊक आहे. ते मिळाले नाही तर तिच्या हातावर काय ठेवायचे, ते तू ठरव आणि तूच ठेव. मी तिथे उभी राहणार नाही.

लोभाचे पुढे पाहू.

जगदेवी


लातूर, गुरुवार

विरूपाक्ष लेकरास अव्वाचा आशीर्वाद. हे पत्र शेजारची सिंधु लिहून राहिली, म्या सांगते तसं. जगदेवी मठात गेलीय तवर उरकते. शेषेरावाला सिंधुच नेऊन देईल. जगदेवीला सांगू नको.

म्या बरी हाय. भूक पहिल्या दिशी लई लागली, आता न्हाई लागत. तू रडू नको आन् त्या वानरांना बोल लावू नको. त्यांनी कशाला नेलं असंल? ते उड्या मारून आले तवा माझा हात हालला, एवढं खरं. मग जगदेवी डोक्यावर हुभी. चल चल, गाडी चालली. लिंग करडगीत ठिवलं का न्हाई, त्या गडबडीत ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. तिच्यापुढं माझं काय चालतंय? लहानपणापासून ती तशीच. तू रांगत होतास तवा तुला बी म्हणायची, बिगीबिगी रांग.

पर तिला वाईट म्हणू नको. चार वरसं झाली, पानी तीच आणते. खांदा दुखतो, सांगत न्हाई. मला फुलपात्र भरून देते आन् आपण ओल्या फडक्यानं अंग पुसते. मला कळत न्हाई असं तिला वाटतंय.

तुझं रान मला लई आवडलं बाबा. वाघ दिसला न्हाई, बरं झालं, मला काय करायचाय वाघ. झऱ्यावर बसले आन् लिंगावर पानी घातलं. घालतच ऱ्हायले. कुणी मोजत नव्हतं. किती दिसांनी अशी पूजा झाली म्हणून सांगू. मला वाटलं देवाला बी तहान लागली हुती.

जगदेवीनं ते पूजेचं पानी सांडलं न्हाई, कॅनात वतलं. सवय हाय तिला. म्हणून म्या तेवढंच पिते. लिंगाला लागलेलं पानी हाय, तेवढ्यावर निभंल.

मठातलं नवं मला नको. जुनं गावलं न्हाई तर त्या झऱ्यापाशी नेऊन बसीव मला. जगदेवी न्हाई म्हणंल, तू ऐकू नको.

तुझी अव्वा
(सिंधुचा नमस्कार. आजी चांगल्या हसतात, पण उठून बसताना हात धरावा लागतो. भाऊ, लवकर काहीतरी करा.)


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, शनिवार, १९ एप्रिल १९८६

चि. विरूपाक्ष यास अनेक आशीर्वाद.

अव्वा काल संध्याकाळी जेवली. मऊ भात आणि वरण, दोन घास जास्तच. आज सकाळी ज्वारीची भाकरी मागितली, ती मी दिली नाही.

तू रजा टाकून येतोस असे कालच्या चिठ्ठीत लिहिले आहेस. येऊ नकोस. लिंग सापडले आहे. तुझ्या जंगलात नाही, माझ्या स्वयंपाकघरात.

काल संध्याकाळी अव्वासाठी पाणी ओतायला कॅन उचलला. तळाला दोन-तीन पेले उरले होते. कॅन पुरता तिरपा केला, थोडे पाणी आले आणि थांबले. तोंडाशी काहीतरी येऊन अडकले. बेलाचे पान असेल म्हणून वाकून पाहिले, तर काळे, गोल. ती वानरे आली तेव्हा अव्वाच्या तळहातावरून ते खालच्या पातेल्यात पानांखाली गेले होते, आणि मी पाने बोटांनी बाजूला सारून पाणी कॅनमध्ये ओतले होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून. ती चार दिवस उपाशी होती आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ तोच कॅन उचलून ठेवत होते.

हात लावता येईना. कॅन सरळ करावा तर ते पुन्हा तळाला जाणार, पुन्हा दिसले नाही तर काय, अशी धास्ती. मी तशीच कॅन तिरपा धरून उभी राहिले आणि अव्वाला हाका मारल्या. ती झोपली होती. सिंधु धावत आली, तिने अव्वाला हाताला धरून आणले, पण आधी अव्वाने पाय धुतले, मग तोंड, मग विभूती लावली. पंधरा मिनिटे झाली असतील. माझा खांदा भरून आला होता. अव्वा माझ्यासमोर बसली, डावा तळहात कॅनखाली धरला आणि म्हणाली की आता तरी घाई करू नको.

मी घाई केली नाही. पाण्याबरोबर ते तिच्या हातावर आले. नंतर काय झाले ते सिंधुला विचार. मी कॅन धरून होते.

चूक माझी होती. हे वाक्य मी एकदाच लिहिते आहे, जपून ठेव. वानरांना आणि तुझ्या चार वनरक्षकांना मी जे बोलले ते मागे घेते. ड्रायव्हरबद्दल मागे घेत नाही. मी सांगितले म्हणून त्याने तीनदा हॉर्न वाजवायचा?

अव्वाने तुला वेगळे पत्र लिहिल्याचे मला कळले आहे. सिंधुच्या पोटात काही राहत नाही. त्यात काय होते ते विचारणार नाही. मे महिन्यात अव्वाला आठ दिवस तुझ्याकडे ठेवायचे ठरवले आहे. मी सोडायला येईन आणि अकराच्या गाडीने परत जाईन.

अभयारण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. साग निष्पर्णच आहे, रस्ता वाईटच आहे आणि घमेल्याखालचा तो ठसा कुणीतरी पुसून टाकावा. वहीतला माझा अभिप्राय खोडू नकोस. फक्त खाली माझ्या नावाने एवढे लिही: पाणी चांगले आहे. सही मी मे महिन्यात आल्यावर करीन.

लोभ पूर्ववत.

तुझी अक्का,
जगदेवी

शेषेराव कंडक्टर यांच्याकडे आज दिलेल्या वस्तू: संगप्पा व इतर तीन वनरक्षकांसाठी धपाटे, बारा, फडक्यात बांधलेले. शेंगदाण्याची चटणी, एक पुडी. ड्रायव्हरसाठी काही नाही. रिकामे कॅन दोन, प्रत्येकी पाच लिटर, झाकणांसह. त्यातला जुना धुतलेला नाही, अव्वाने धुऊ दिला नाही. दोन्ही भरून, आणि झाकण लावण्यापूर्वी आत पाहून, परतीच्या गाडीने पाठवणे.